डेस्कटॉप पसंत आहे?

खरं सांगा, तुमच्या घरात एक म्हातारा लॅपटॉप आहे की नाही? टीव्हीखालच्या कपाटात नाहीतर बेडच्या ड्रॉवरमध्ये, चार्जरची वायर अंगाभोवती गुंडाळून पडलेला. पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला, म्हणून भंगारात द्यायला जीव होत नाही. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर बिचारा धड ना इकडचा, ना तिकडचा. विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही, कारण तिथे टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीन्स इथेच बाद. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट्सची मुदतवाढ दिली खरी, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच.

मग एखाद्या गेट-टुगेदरमध्ये कुणीतरी ज्ञान पाजळतं, ‘अरे, लिनक्स टाक ना!’ आणि पुढच्या स्टार्टरकडे वळतं. आपण घरी येऊन शोधायला बसतो आणि समोर येतात पन्नास नावं. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन... त्यातही उबुंटूचं कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू. अर्ध्या तासात लॅपटॉप परत ड्रॉवरमध्ये.

तर मंडळी, आजचा फंडा असा, की नावांच्या त्या जंगलात शिरूच नका. रोज सकाळी डोळ्यांसमोर येणार आहे तो डेस्कटॉप. आधी तो ठरवा. समजा तुम्ही फ्लॅट घेतलात. पाया आणि पिलर म्हणजे लिनक्स कर्नल, बिल्डर म्हणजे उबुंटू किंवा फेडोरा, आणि आतलं इंटिरिअर म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. मेनू कुठे, खिडक्या कशा उघडायच्या, फाइल कुठे सापडणार, आवाज कुठून कमी करायचा, हे सगळं इंटिरिअरवाल्याच्या हातात. विंडोजमध्ये इंटिरिअर बिल्डरच करून देतो आणि भिंतीत खिळा ठोकायची परवानगीही मोजूनमापून. लिनक्समध्ये फ्लॅट तोच ठेवून इंटिरिअर बदलता येतं. इतकंच नाही, तर एकाच घरात दोन इंटिरिअर ठेवून रोज सकाळी कुठल्यात राहायचं ते ठरवता येतं!

एवढे पर्याय झाले कसे? भांडणातून. आणि भांडण सॉलिड होतं. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी (हो, तीच तारीख, २९ वर्षं आधी) मथियास एट्रिख नावाच्या टुबिंगेनच्या विद्यार्थ्याने एक जाहीर आवाहन केलं. युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, साध्या माणसाने हे वापरायचं कसं? चला, सगळं एकसारखं करू. त्यातून केडीई जन्माला आलं. पण ते ज्या ‘क्यूटी’ नावाच्या टूलकिटवर उभं होतं, त्याचं लायसन्स तेव्हा पूर्ण मुक्त नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोटात गोळा आला. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघांनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव ग्नोम. पुढे २००० मध्ये क्यूटी मुक्त लायसन्सखाली आलं, भांडणाचं मूळ कारणच संपलं. पण तोवर दोन घरं वसली होती. आपल्याकडे वाटण्या झाल्यावर भाऊ परत एका चुलीवर येतात का? तसंच.

ग्नोमने २०११ च्या एप्रिलमध्ये आणखी एक धमाका केला. तिसऱ्या आवृत्तीत खालची पट्टी गेली, खिडकी लहान करायचं बटणही गायब, सगळं चकाचक आणि रिकामं. जुने लोक इतके खवळले, की खुद्द लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स उठून एक्सएफसीई या साध्यासुध्या डेस्कटॉपवर जाऊन बसला. (पुढे परत आला, ते वेगळं.) कुणी जुन्या ग्नोमची प्रत काढून ‘माटे’ नावाने जिवंत ठेवली. लिनक्स मिंटवाल्यांनी ग्नोमच्याच सामानातून, विंडोजमधून येणाऱ्याला बुजायला होणार नाही असं ‘सिनॅमन’ रचलं. उबुंटूने ‘युनिटी’ नावाचा स्वतःचा संसार थाटला आणि २०१७ मध्ये मोडून पुन्हा ग्नोमकडे आलं.

आता निवडीचं बघू. माझं स्वतःचं ऑफिसचं मशीन ग्नोमवर आहे आणि मला ते मनापासून आवडतं. समोर काहीच नाही. विंडोजचं बटण दाबलं की सगळ्या खिडक्या पसरतात, दोन अक्षरं टाइप केली की प्रोग्रॅम हजर, टचपॅडवर तीन बोटं सरकवली की पुढचा वर्कस्पेस. एकावर ऑफिसची मेल, दुसऱ्यावर एक्सेलसारखा पसारा, तिसऱ्यावर गाणी. पण ग्नोमचा स्वभाव कडक शिस्तीच्या आत्यासारखा आहे. घरात कुठली वस्तू कुठे राहील हे तिनेच ठरवलंय, तुम्ही जुळवून घ्यायचं. एखादी गोष्ट बदलायची तर ‘एक्स्टेन्शन’ टाकावं लागतं आणि ग्नोमची नवी आवृत्ती आली की त्यातलं एखादं रुसून बसतं.

केडीईच्या प्लाझ्माचं बरोबर उलटं. घड्याळाचा फॉन्ट, खिडकीची सावली, पट्टी वर, खाली, डावीकडे, हवी तिथे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आलं आणि तेव्हापासून ते फार सफाईदार झालंय. ‘केडीई जड आहे’ ही जुनी ओरड आता तितकीशी खरी राहिली नाही. व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या गेमिंग मशीनवर डेस्कटॉप मोड उघडला की समोर प्लाझ्माच येतं. एप्रिल २०२५ मध्ये फेडोराने त्याला ग्नोमच्या बरोबरीचा मान दिला. धोका एकच. तुम्ही सेटिंग्जमध्ये हरवता. रात्री अकराला ‘फक्त वॉलपेपर बदलतो’ म्हणून बसलेला माझा मावसभाऊ अडीच वाजता आयकॉनचे कोपरे गोल करत होता. सकाळी नऊला त्याचा स्टॅंड-अप होता.

पण आमच्या मामांसाठी निवडायची वेळ आली तेव्हा यातलं काहीच कामाचं नव्हतं.

मामा चिंचवडला राहतात, बँकेतून रिटायर झालेत. गेली बारा वर्षं ते आमच्या आजोळच्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहिताहेत. कोकणातल्या मूळ गावापासून इंदूर-बडोद्यापर्यंत पांगलेल्या शाखा, कोण दत्तक गेलं, कोणाचा वंश कुठे थांबला, पत्रं, फोन, देवळातल्या नोंदी. सगळं एका २०१६ च्या लॅपटॉपवर. सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. दुकानदाराने सांगितलं, मशीन संपलं, नवीन घ्या, पंचेचाळीस हजार. मामांनी मला फोन केला तो लॅपटॉपबद्दल नव्हताच. म्हणाले, “अगं, उरलेलं वहीतच लिहीन म्हणतो. या वयात एवढा खर्च कशाला?” आता वहीत लिहिलेला कुळवृत्तांत कोण टाइप करणार? मी तर नाही, आणि तुम्हीही नाही. म्हणजे तो तिथेच थांबणार.

शनिवारी गेले. आधी सगळ्या फाइल्सच्या दोन प्रती काढल्या, एक बाहेरच्या डिस्कवर, एक माझ्याकडे. (ही पायरी गाळणाऱ्याने या पानाचं वाचन इथेच थांबवावं.) फिरत्या डिस्कच्या जागी छोटी एसएसडी घातली. जुन्या मशीनवर खर्च करायचाच तर पहिला इथे करा, डेस्कटॉप कुठलाही टाका, एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

मग कांदेपोह्यांचा कार्यक्रम. लिनक्सची ही सोय मला फार सही वाटते. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डेस्कटॉप बघता येतो, आवडला नाही तर पेनड्राइव्ह काढा, मशीन जसं होतं तसं. रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने विंडोजवर असा पेनड्राइव्ह तयार होतो. व्हेंटॉय वापरलंत तर एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच आयएसओ फाइल्स नुसत्या कॉपी करून ठेवायच्या आणि सुरू होताना हवी ती निवडायची. एका दुपारात चार स्थळं! बघताना मात्र वॉलपेपर बघू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, झाकण बंद करून उघडलं की मशीन जागं होतं का, मराठी वेबसाइट नीट दिसते का, हे बघा. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून सगळंच थोडं रेंगाळतं.

ग्नोम लावलं. मामांनी बाण सगळीकडे फिरवला आणि विचारलं, “खालची पट्टी कुठे गेली?” प्लाझ्मा लावलं. पट्टी सापडली, पण राइट क्लिक केल्यावर आलेली यादी बघून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. मामा म्हणाले, “हां, हे आपल्या बँकेतल्यासारखं आहे.” ठरलं.

एक्सएफसीई १९९६ पासून चालू आहे, केडीईच्याच वयाचं. ऑलिव्हिए फुर्दां या फ्रेंच माणसाने सुरू केलेलं, लोगो उंदराचा. त्यात चमकधमक नाही, दर सहा महिन्यांनी नवी कल्पना नाही. मला ते ऑफिसातल्या त्या जुन्या हेडक्लार्कसारखं वाटतं, जो कधी प्रेझेंटेशन देत नाही पण ज्याच्याकडची फाइल कधी हरवत नाही. आणि मेमरी कमी खातं. मिंटवाले स्वतः किमान दोन जीबी आणि आरामात चालायला चार जीबी रॅम सांगतात. मामांच्या चार जीबीत ब्राउझरच सगळ्यात मोठा खादाड, त्यामुळे डेस्कटॉपने जेवढं कमी खाल्लं तेवढं बरं. (तुमच्याकडे दोनच जीबी असेल तर एलएक्सक्यूटी बघा. आठ किंवा वर असेल तर मेमरीचा विचार सोडा, आवडेल ते घ्या. सिनॅमनही छान आहे.)

डोळ्यांचं काय? ‘अपिअरन्स’मध्ये फॉन्टच्या पानावर ‘कस्टम डीपीआय’चा आकडा असतो, तो ९६ वरून १२० केला, बाण मोठा केला. आणि एक गुपित, जे मामांना सगळ्यात जास्त आवडलं: ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की अख्खा स्क्रीन भिंगाखाली धरल्यासारखा मोठा होतो. पहिली दहा मिनिटं ते फक्त हेच करत होते. मामीने चहा आणला, तर तिलाही दाखवलं.

खरी परीक्षा मराठीची. मामांची सुरुवातीची शे-दीडशे पानं ‘किरण’ फॉन्टमध्ये. हे जुने फॉन्ट म्हणजे मुखवटे. आतून ती इंग्रजी अक्षरंच, वरून देवनागरी चेहरा चढवलेला. फॉन्ट नसेल तर सगळा वंशवृक्ष ‘अगम्य’. उपाय सोपा निघाला. जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाइल कॉपी केली, डबल क्लिक, इन्स्टॉल. लिबरऑफिस रायटरमध्ये पणजोबा परत आले. शोधायची सोय मात्र त्या पानांत नाही, कारण शोधायचं काय, आत मराठी नाहीच. नंतरची पानं युनिकोडमध्ये, ती कुठल्याही डेस्कटॉपवर दिसतात. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिकला असाल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मराठीचा लेआउट जोडा, काम झालं. मामा ध्वनीनुसार इंग्रजी अक्षरांतून टाइप करणारे. त्यांच्यासाठी आयबस आणि त्याचं ‘एम१७एन’ पॅकेज टाकून मराठीची फोनेटिक पद्धत निवडली. दोन-तीन अक्षरांच्या जागा वेगळ्या आहेत, त्यावरून पंधरा दिवस कुरकुर झाली. आता बंद आहे.

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर, लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी दिसली ती ‘लोहित’ फॉन्टमुळे, आणि ते रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळले. आज नोटो आहे, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो आणि स्क्रीनवर सुरेख दिसतो. मामांच्या नव्या प्रकरणांना मी तोच लावलाय.

आता ज्यांच्याकडे लिनक्स आधीच आहे आणि फक्त इंटिरिअर बदलायचंय, त्यांच्यासाठी. मावसभावाने प्लाझ्मा असा घेतला, की उबुंटूच्या ग्नोमवर थेट. “ताई, एका कमांडचं तर काम आहे,” म्हणे. बरोबर आहे, कमांड एकच. पण ‘कुबुंटू-डेस्कटॉप’ हे पॅकेज घेतलंत तर अख्खं बिऱ्हाड येतं, ‘केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप’ घेतलंत तर आटोपशीर. एक्सएफसीईचंही तसंच, ‘झुबुंटू-डेस्कटॉप’ म्हणजे सामानसुमानासकट, ‘एक्सएफसीई४’ म्हणजे नुसत्या भिंती. मध्येच टर्मिनलमध्ये एक जुनाट चौकट उघडते आणि विचारते, लॉगिनचा दरवाजा कोणाचा ठेवू? ग्नोमचा, केडीईचा की लाइट-डीएम? तिथे माउसची वाट बघत बसू नका. बाणाच्या कीने निवडायचं, टॅब दाबून ‘ओके’वर जायचं, एंटर. काहीही निवडलंत तरी डेस्कटॉप दोन्ही राहतात. मग लॉगआउट करा, पासवर्ड टाकण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटं चाक किंवा यादी दिसेल, तिथे नवा डेस्कटॉप निवडा. हे चाक न दिसल्यामुळे ‘इन्स्टॉल केलं पण काही बदललंच नाही’ म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

त्या यादीत कदाचित ‘वेलँड’ आणि ‘एक्स११’ असे दोन पर्यायही दिसतील. एक्स११ ही १९८७ ची जुनी व्यवस्था, वेलँड तिची वारसदार. ग्नोम आणि प्लाझ्मा दोघांनीही वेलँडच पुढे केलंय, एक्सएफसीईमध्ये ते २०२४ च्या ४.२० आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आलं. गोंधळून जाऊ नका, जे आपोआप येईल ते राहू द्या. फक्त ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायची असेल तर आदल्या दिवशी मित्राबरोबर करून बघा, क्लायंटसमोर नको.

दोन संसार एका घरात ठेवायचे तर भांड्याला भांडं लागणारच. मेनूमध्ये फाइल मॅनेजर दोन, टेक्स्ट एडिटर दोन, पासवर्डची तिजोरी दोन, आणि एकाची थीम दुसऱ्याच्या खिडक्यांवर सांडते. म्हणून टाकण्याआधी टाइमशिफ्टने मशीनचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मागे फिरता येईल, कारण नंतर ते मोठं पॅकेज काढलं तरी बरंच सामान मागे राहतं. आणि ट्रायलसाठी वेगळा युजर उघडा. मग जुन्या युजरच्या सेटिंग्जला कुणी हात लावत नाही. घरी नवऱ्याबरोबर लॅपटॉप शेअर असेल तर हा उपाय तसाही शांततेसाठी उत्तम.

डेस्कटॉप कितीही देखणा असला तरी तो काय करू शकत नाही हेही ऐका. टॅली, पेजमेकर, श्रीलिपी, फोटोशॉप यांवर तुमचं पोट असेल, तर ते मशीन लिनक्सवर नेऊ नका. मॅक्रो भरलेली ऑफिसची एक्सेल शीट लिबरऑफिसमध्ये उघडेल, पण चालेलच असं नाही. बँकिंग, व्हॉट्सॲप वेब, मेल, ट्रेनचं बुकिंग हे सगळं ब्राउझरमध्ये असल्यामुळे तिथे डेस्कटॉपचा संबंधच येत नाही.

मामा सध्या बडोद्याच्या शाखेवर आहेत, सातव्या पिढीत. एका चुलत पणजोबांची दोन लग्नं निघाली आहेत आणि कोणती मुलं कोणाची यावर इंदूरहून फोन येताहेत. ते पान प्रिंट करून पाठवायचंय. पण लिनक्सवर प्रिंटर हा प्रकार इतका मजेशीर आहे, की त्याला पुढच्या आठवड्याचं अख्खं पान लागेल.